शाळेच्या मैदानावर उन्हाळी म्युझिक फेस्टिव्हल करायचाय? आधी मैदानात जाऊन टाळी वाजवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी लोकांचा ग्रुप आहे, शाळेने सुट्टीत मैदान आणि चार वर्ग द्यायचं कबूल केलंय, पाच-सहाशे लोक येतील असा अंदाज, मुलांचे दोन-तीन कॉयर (समूहगायनाचे ग्रुप), दोन बँड, एखादा बासरीवाला, एखादा तबल्याचा सोलो. ट्रायल म्हणून भाड्याचे दोन स्पीकर लावून बघितले तर पुढच्यांचे कान फाटत होते आणि मागच्यांना शब्दच कळत नव्हते. तर आता मोठे स्पीकर मागवायचे का, आणि एक दिवस करायचा की दोन.

मोठे स्पीकर नका मागवू. मी वीसेक वर्षं साउंडचं काम करतोय, त्यातले बरेच कार्यक्रम शाळा-कॉलेजांच्या आवारात झालेत आणि दर वेळी तीच चूक बघतो, आधी कलाकार ठरतात, मग बॅनर छापतात, मग स्टेज "नेहमीच्या जागी" म्हणजे बिल्डिंगला पाठ लावून किंवा बरोब्बर बिल्डिंगकडे तोंड करून उभं राहतं आणि शेवटी साउंडवाल्याला फोन येतो की आवाज क्लिअर करून द्या. तोवर माझ्या हातात फार काही उरलेलं नसतं हो. स्टेज कुठे आणि तोंड कुणीकडे हा पहिला निर्णय, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

तर एक दिवस संध्याकाळी, कार्यक्रमाच्याच वेळेला, मोकळ्या मैदानात जा आणि जिथे स्टेज यायचंय तिथे उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटल्या तर अजून बरं. समोर तीस मीटरवर वर्गांची सपाट भिंत असेल तर आवाज जाऊन येऊन साठ मीटर फिरतो, हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १७० मिलिसेकंदांहून जास्त उशिराने तीच टाळी परत येणार. बोलण्यात पन्नासेक मिलिसेकंदांच्या आतला पडसाद कान मूळ आवाजातच मिसळून घेतो, त्याच्या पुढे गेला की तो वेगळा ऐकू येतो. मग गाण्याचा एक शब्द सुरू असताना मागचा शब्द भिंतीवरून येऊन त्याच्यावर पडतो, आणि तुमचं "शब्द कळत नव्हते" हे बहुतेक तिथूनच आलंय. त्यात मोठे स्पीकर लावले तर भिंतही तेवढीच मोठ्याने ओरडणार. यू आकाराची बिल्डिंग असेल आणि मधल्या चौकात कार्यक्रम करायचा मोह होत असेल (फोटो छान येतात, मान्य), तर तिथेही टाळी वाजवून बघा, टर्रर्र असा आवाज आला तर तो चौक बँडसाठी विसरा. कॉयर, सोलो वादन, माइकशिवायचं छोटं काही, यासाठी मात्र तोच चौक मस्त असतो कारण भिंती फुकटात मदत करतात.

समोर सपाट भिंत नको, झाडं किंवा मोकळी बाजू असू दे. स्टेज उत्तर-दक्षिण लावता आलं तर बघा, नाहीतर मावळतीचं ऊन एकतर गाणाऱ्यांच्या डोळ्यात जातं नाहीतर ऐकणाऱ्यांच्या. आणि सगळ्यात जवळची राहती घरं कुठल्या बाजूला आहेत ते बघून तोंड तिकडे करू नका.

आता पुढे कान फाटतात त्याचं. उघड्यावर साधा स्पीकर असेल तर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. पहिली रांग तीन मीटरवर आणि शेवटची तीसवर असेल तर फरक झाला वीस डेसिबलचा, म्हणजे मागे ७८ मिळवायचे तर पुढे ९८ ओतावे लागतात. उपाय दोन आणि दोन्ही स्वस्तातले. एक म्हणजे स्पीकर उंच न्या, डोक्यांच्या वर, आणि थोडे खाली झुकवून मागच्या दोन-तृतीयांश लोकांकडे रोखा, म्हणजे पुढच्यांचं आणि मागच्यांचं अंतर फार वेगळं राहत नाही. स्टँड उंच केलात तर त्याच्या पायांवर वजन ठेवा आणि मुलं पोचणार नाहीत असा घेरा करा, हे काही सांगायला नको पण सांगतो. दुसरं म्हणजे मैदानाच्या मध्यावर अजून दोन छोटे स्पीकर लावा आणि त्यांना उशीर द्या, म्हणजे त्यांचा आवाज साउंडच्या मिक्सरवरून मुद्दाम जरा उशिरा सोडा. मीटरला साधारण तीन मिलिसेकंद धरा. पंधरा मीटरवर असतील तर पंचेचाळीसेक मिलिसेकंद, वर अजून दहा-पंधरा मिलिसेकंद टाका, म्हणजे कानाला आवाज स्टेजवरूनच येतोय असं वाटतं आणि मधला स्पीकर नुसता हात देतो. बरेच लोक मधले स्पीकर लावतात पण उशीर द्यायचा विसरतात, मग गायक दोन होतात.

शेजाऱ्यांबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. दुपारी साउंडचेकला तुम्ही जाऊन त्या घरांपाशी ऐकलं, ठीक वाटलं, आणि रात्री तक्रार आली, मिक्सरवर कुणी हात लावलेला नसताना. होतं असं. दिवसा जमीन तापलेली असते, खालची हवा गरम आणि वरची त्यामानाने थंड, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. सूर्य गेला, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन पटापट गार होते, खाली गार हवा वर गरम, आणि आवाज खाली वाकून लांब जाऊन पडतो. म्हणून शेजारची पाहणी अंधार पडल्यावर करायची, आणि शेवटच्या तासात खर्ज आधी कमी करायचा, कारण घराच्या भिंतीतून जो आत शिरतो तो खर्जच असतो. सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बिल्डिंगच्या कोपऱ्यात ढकलून ठेवायची सवय असते लोकांना, जागा वाचते म्हणून, पण भिंतीजवळ आणि कोपऱ्यात त्याचा आवाज आपोआप फुगतो. आवाजाच्या वेळेचे आणि पातळीचे जे नियम तुमच्याकडे असतील त्याची लेखी परवानगी आधी काढा, वाजवायची गाणी दुसऱ्यांची असतील तर त्याच्या सादरीकरणाचं लायसन्सही बघा, आणि जवळच्या घरांना चार दिवस आधी चिठ्ठी द्या, त्यात कार्यक्रम बंद व्हायची वेळ आणि एक चालू फोन नंबर. तो फोन स्टेजवाल्याकडे नको, त्याला ऐकूच येणार नाही.

पातळी किती ठेवायची? अमेरिकेतली नायॉश ही कामाच्या जागच्या आरोग्याची सरकारी संस्था कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तास धरते आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक काढलं त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या वर जाऊ नये असं आहे. पण ही वरची हद्द झाली, शाळेच्या मैदानावर पुढे सतरंजीवर पोरं बसलेली असतात. मी अशा ठिकाणी मिक्सरपाशी ९० च्या आसपास राहतो आणि स्पीकरसमोरचे पहिले चार मीटर दोरी बांधून रिकामे ठेवतो. पोरं बरोब्बर सबवूफरला टेकूनच बसतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

आता विजेचं. शाळेचं वायरिंग हे पंखे आणि दिव्यांच्या हिशोबाने केलेलं असतं. एका कार्यक्रमात आमचा डिजिटल मिक्सर स्टेजमागच्या वर्गातल्या सॉकेटवर होता आणि त्याच वर्गात ग्रीनरूम होती. कॉयर स्टेजवर, गाणं मध्यावर, आणि आतमध्ये कुणीतरी पाणी गरम करायला इलेक्ट्रिक किटली लावली. ट्रिप. पुरता अंधार नाही झाला, फक्त मिक्सर मेला आणि मग तो परत चालू व्हायला दीड मिनिट घेतो, तोवर स्क्रीनवर कंपनीचा लोगो बघत बसायचं. पोरं थांबली नाहीत, त्यांच्या बाईंनी हात वर ठेवला आणि ती तशीच बिनमाइकची गात राहिली, लोकांना वाटलं मुद्दाम केलंय. टाळ्या पडल्या. पण त्या दिवसापासून मिक्सरला छोटा यूपीएस असतोच माझ्याकडे, आणि साउंडची लाइन वेगळी. वर्गांच्या सॉकेटवर काहीही अवलंबून ठेवायचं नाही. जनरेटर घेत असाल तर साउंड एका फेजवर आणि लाइट दुसऱ्यावर, अर्थिंग नीट, आणि बाहेरच्या प्रत्येक लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-करंट ब्रेकर (करंट गळायला लागला की लगेच वीज तोडतो तो). उघड्यावर दव पडतं, गवत ओलं असतं, पोरं अनवाणी असतात, इथे काटकसर नको. माइकच्या केबली आणि विजेच्या केबली शेजारीशेजारी लांबवर टाकू नका, ओलांडायच्या असतील तर काटकोनात. लॅपटॉप चार्जरला लावला की स्पीकरमधून हम, म्हणजे घूं असा आवाज येतो, त्यासाठी एक आयसोलेटेड डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी डबी) जवळ असू दे.

आणि घंटा! शाळेची ऑटोमॅटिक घंटा. सुट्टीतही टायमर चालूच असतो. बासरीचा संथ आलाप, माणसं डोळे मिटून बसलीत, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी पूर्ण आवारात टर्र्र्र्र. तसंच लॉनच्या स्प्रिंकलरचं, तसंच आपोआप बंद होणाऱ्या मैदानाच्या दिव्यांचं. हे सगळं शाळेत एकाच माणसाला माहीत असतं, ज्याच्याकडे किल्ल्यांचा जुडगा असतो तो. मुख्याध्यापकांच्या सहीइतकाच तो माणूस महत्त्वाचा, त्याला पहिल्या मीटिंगलाच बोलवा. तंबूचे खुंटे कुठे ठोकायचे नाहीत हेही त्यालाच विचारा, गवताखालून पाण्याचे पाइप गेलेले असतात आणि ते कुठल्याही नकाशावर नसतात. बास्केटबॉल कोर्टवर खुंटे अजिबात नाहीत, तिथे वजनं.

उन्हाळा आहे म्हणून वाद्यांचं थोडं सविस्तर सांगतो कारण यावर कुणी बोलत नाही आणि मग "बँड बेसूर होता" असं लोक म्हणतात. गरम हवेत आवाज जोरात धावतो, त्यामुळे फुंकून वाजवायची वाद्यं चढतात, हिशोबाने एका अंशाला जवळजवळ तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). दहा अंश वाढले तर तीसेक सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाव हिश्श्याहून जास्त. वाजवणाऱ्याच्या श्वासाने आतली हवा आधीच कोमट असते म्हणून प्रत्यक्षात फरक जरा कमी पडतो, पण पडतोच. गिटारच्या स्टीलच्या तारा उलट तापून सैल होतात आणि उतरतात. तबल्याची पुडी कोरड्या उन्हात ताणून चढते आणि संध्याकाळी दमट झालं की उतरते. आणि कीबोर्ड? तो ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर खांबासारखा उभा. आता हे चौघं एकत्र बसवा. बासरी वर गेली, गिटार खाली, तबला मूडप्रमाणे, आणि ज्याला हलता येत नाही तोच सगळ्यांना धरून बसणार. म्हणून वाद्यं वर्गात सुरात लावून बाहेर आणली तर उपयोग नाही. वाजवायच्या आधी वीस मिनिटं ती स्टेजशेजारी सावलीत, त्याच हवेत राहू देत आणि मग लावा. उन्हातल्या गाडीत व्हायोलिन ठेवून "दहा मिनिटांत आलो" म्हणणाऱ्याला मी पळत जाऊन अडवतो, आतला सरस मऊ होऊन जोड सुटतात. मिक्सर, लॅपटॉप, अॅम्प्लिफायर यांनाही सावली लागते. टचस्क्रीन उन्हात दिसत नाही आणि अॅम्प तापला की स्वतःला बंद करून घेतो, तेही नेमका गर्दीच्या वेळी.

कॉयरसाठी माइक किती हा प्रश्न दर वर्षी असतो आणि पालकांना वाटतं प्रत्येकाला एक. चालू माइक दुप्पट केले की स्पीकर शिट्टी मारायला लागायच्या आधी आवाज वाढवायची तुमची मोकळीक तीन डेसिबलने कमी होते. चाळीस पोरांना दोन, फार तर तीन कंडेन्सर (लांबचा आवाजही पकडणारे माइक), उंचावर, पुढच्या रांगेपासून मीटरभर, आणि पोरं तीन पायऱ्यांवर जवळजवळ उभी. मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमध्ये, कॉयरचा आवाज देऊच नका, फक्त साथीचं वाद्य द्या.

कार्यक्रमाची क्रमवारी ठरवताना एक धूर्तपणा करा. मुलांचे सगळे ग्रुप पहिल्या तासात घेतले, "पोरं दमतात" म्हणून, की त्यांचं झालं की त्यांचे आईबाबा, आजी, मावशी सगळे उठून जातात आणि बाहेरगावहून आलेल्या बिचाऱ्या वादकासमोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मुलांचे ग्रुप पसरवून टाका, छोट्यांना आधी, मोठ्यांना मध्ये, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक गाणं. दोन आयटममध्ये पंधरा मिनिटं कागदावर धरा, दहा लागतील. प्रत्येक ग्रुपकडून दोन आठवडे आधी एक कागद मागा, कोण कुठे उभं राहणार, काय वाजवणार, किती माइक, लॅपटॉप आहे का. जे पाठवत नाहीत ते स्टेजवर येऊन "आमचा एक ट्रॅक आहे, मोबाइलमध्ये आहे" म्हणतात आणि मोबाइलला जॅक नसतो.

हवामानावर आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी चर्चा नको. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू यायला तीस सेकंदांहून कमी लागले तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, थांबवायचं, लोक आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर यायचं नाही. तंबू आणि झाड हा आसरा नाही. शाळेच्या मैदानाचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, पक्की बिल्डिंग पन्नास पावलांवर असते, फक्त तिचे दरवाजे त्या वेळी उघडे हवेत आणि किल्लीवाला जेवायला गेलेला नको. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि स्टेजमागचा तो मोठा छापील पडदा म्हणजे शिडाचं जहाज आहे. त्याला भोकं असलेलं जाळीचं कापड घ्या आणि झटकन खाली उतरवता येईल असं बांधा. "बंद करा" म्हणायचा हक्क एकाच माणसाला, आणि तो गाणारा किंवा देणगीदार नसावा.

गर्दीचं पाचशे-सहाशेला फार अवघड नसतं, पण शाळेचं मोठं गेट बंद आणि छोटं दार उघडं ठेवायची सवय असते ती त्या दिवशी मोडा. दोन वाटा हव्यात, शिवाय अँब्युलन्सची एक, जिथे कुणी दुचाकी लावणार नाही. चौरस मीटरला चार माणसांच्या पुढे दाटी जायला लागली की मला घाम फुटतो, स्टेजसमोर ती वेळ येऊ देऊ नका. पाणी भरपूर आणि दिसेल असं. कुणी उन्हाने बरळायला लागलं, गोंधळलेलं दिसलं तर तो उष्माघात समजून लगेच गार करायला घ्या, अंगावर पाणी, वारा, सावली, आणि अँब्युलन्स, "जरा बसवा बरं वाटेल" करत बसू नका. हरवलेल्या पोरासाठी एक ठरलेली खोली आणि तिथे कायम दोन मोठी माणसं.

वर्गांचे फोटो काढून ठेवा, ताब्यात घेताना. बाकांची मांडणी, फळ्यावर काय लिहिलंय, भिंतीवरची मुलांची चित्रं. परत देताना तसंच. पुढच्या वर्षी मैदान मिळणार की नाही हे गाण्यापेक्षा यावर ठरतं, खरं सांगतो. सुट्टीतल्या रिकाम्या शाळा आणि संगीत यांची सोयरीक जुनी आहे, इंग्लंडात विल्यम ग्लॉक यांनी १९४८ मध्ये ब्रायन्स्टन शाळेत उन्हाळी संगीत शाळा सुरू केली ती पुढे १९५३ मध्ये डार्टिंग्टनला गेली, अमेरिकेत मार्लबोरोचा उन्हाळी महोत्सव १९५१ पासून एका छोट्या कॉलेजच्या आवारात वाढला. इमारती रिकाम्या, खोल्या भरपूर, शांतता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र दहा-बारा जणांनी हाताच्या अंतरावर ओळ करून मैदान चालून काढा. कापलेले केबल-टाय, गिटारच्या तारांचे तुकडे, बॅनरच्या टाचण्या. लोहचुंबक दोरीला बांधून फिरवलात तर टाचण्या आणि स्टीलच्या तारा निघतील, केबल-टाय हातानेच वेचावे लागतात.

आणि एक दिवस की दोन, तर पहिल्या वर्षी एकच, तोही दुपारी चारनंतर. रात्रभर सामान राखायला माणसं लागतात, दुसऱ्या दिवशी व्हॉलंटियर निम्मे येतात, आणि तुमच्याकडे किल्लीवाला एकच आहे. टाळी वाजवून बघितलीत की भिंत किती मीटरवर आहे ते पावलांनी मोजून कळवा, स्पीकर कुठे लावायचे ते मग सांगतो.